'जातिवंत' कुत्र्याच्या हौसेची किंमत कोण मोजतो?

हिवाळा म्हणजे कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा हंगाम. तिथे बक्षीस मिळते ते जातीच्या ठरलेल्या मापात बसणाऱ्या कुत्र्याला. पण कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. पग आणि बुलडॉगचे नाक पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेल्याने त्यांना धड श्वासही घेता येत नाही. 45 अंशांच्या नागपुरी उन्हाळ्यात हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कायदा आहे. धंद्यासाठी आणि पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर केंद्राने 2016 मध्ये बंदी घातली. 2017 च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. 8 आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. तरी मोबाईलवरून पिल्लू मागवताना आपल्यापैकी किती जण नोंदणी विचारतात?

दुसरीकडे, दिल्लीतली गावठी कुत्री दत्तक म्हणून कॅनडात जात होती. रेबीजच्या धोक्यामुळे कॅनडाने सप्टेंबर 2022 मध्ये ती वाट बंद केली. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी शेवटी आपलीच आहे.

जाती म्हणजे रक्तशुद्धी, हा दावा बाबासाहेबांनी 1936 मध्येच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला. शुद्धतेच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपण घरात 'जातिवंत' म्हणून मिरवावे काय? म्हणून आम्ही तरुणांना एवढेच सांगतो: पिल्लू विकत घेऊ नका. वस्तीतले गावठी पिल्लू घरी आणा, त्याला रेबीजची लस द्या, वेळेत नसबंदी करा. करुणेची सुरुवात आपल्या गल्लीतूनच होऊ द्या.