दंड थोपटणारे आणि वही उघडणारे

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये मोठा संघ हरला की दोन पक्ष हमखास डोकं वर काढतात. पहिला दंड थोपटणारा. पोरं लेचीपेची झाली, चेंडू पोटाशी धरून समोरच्याच्या अंगावर जायला कचरतात, असं तो म्हणतो. दुसरा वही उघडून बसलेला. पास इतके, धावा इतक्या, समतोल गेला, हा त्याचा निकाल. 30 नोव्हेंबर 2024 ला कोलंबसच्या घरच्या मैदानावर ओहायो स्टेट मिशिगनकडून 13-10 ने हरलं, तेव्हाही दोघं बोललेच. माझं म्हणणं असं की त्या सामन्याने दोघांनाही उघडं पाडलं.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, हा या खेळाचा गाभा. दर प्रयत्नाला क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या हाती सोपवतो, नाहीतर लांब पळालेल्या रिसीव्हरकडे फेकतो. (धाव म्हणजे गर्दीत मुसंडी मारणं, क्रिकेटमधली धाव डोक्यातून काढा.)

दंड थोपटणाऱ्यांचा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. 1951 ते 1978 ओहायो स्टेटचे प्रशिक्षक असलेले वूडी हेज याच मताचे होते. पासचे परिणाम तीन, झेलला जाणं, जमिनीवर पडणं आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागणं, आणि त्यांतले दोन वाईट, असं त्या पिढीचं गणित. शिवाय धावेने घड्याळ चालू राहतं आणि समोरच्याचा दम निघतो. मिशिगनने 2021 मध्ये ओहायो स्टेटला 42-27 असं हरवलं ते 297 यार्ड धावूनच. तेव्हापासून 'लेचापेचा' हा शिक्का ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांच्या कपाळी बसला. सप्टेंबर 2023 मध्ये नोटर डेमला शेवटच्या क्षणी हरवल्यावर त्यांनी मैदानातच कॅमेऱ्यासमोर लू होल्ट्झ या माजी प्रशिक्षकांवर आगपाखड केली. होल्ट्झनी संघाच्या दमावर शंका घेतली होती, आणि ती डेंना फार झोंबली होती.

झोंबलेला माणूस पुढे काय करतो ते 2024 च्या त्या नोव्हेंबरात दिसलं. मिशिगन 6-5 अशा हालाखीत आलेलं, ओहायो स्टेट 10-1. मिशिगनचा कडेचा सर्वोत्तम बचावपटू, कॉर्नरबॅक विल जॉन्सन जायबंदी, म्हणजे मैदानाच्या कडा उघड्या. त्या कडांवर उभा जेरमाया स्मिथ, पहिल्याच वर्षी देशभर गाजलेला ओहायो स्टेटचा रिसीव्हर. मिशिगनचं खरं बळ मधोमध होतं: मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही काही महिन्यांनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेलेले अगडबंब गडी. ओहायो स्टेटच्या पुढच्या फळीतले दोन मोहरे, सेंटर आणि लेफ्ट टॅकल, तर आधीच दुखापतीने बाहेर. तरी पहिल्या प्रयत्नाला पुन्हापुन्हा धाव, आणि तीही मधूनच! हाती आले 77 यार्ड. कुणाला तरी आपला कणखरपणा सिद्ध करायचा होता, एवढाच अर्थ मला लागतो.

यावर प्रतिवाद येतो की क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन पास मिशिगनने पळवले, त्यातल्या एकाने तर त्यांना थेट गोलरेषेजवळ नेलं, दोष फेकण्याचाच. पळवले हे खरं. ओहायो स्टेटने लाथेने मारलेले दोन फील्ड गोलही हुकले. पण हे अपघात भोवले ते सामना तोवर अटीतटीचा राहिला म्हणून, आणि तो तसा ठेवला त्या धावांनीच.

आता वहीवाले. त्यांच्या वहीत त्या दिवशी ओहायो स्टेटचे पास 33, धावा 26. म्हणजे संघ पासकडेच झुकलेला! बघणाऱ्याला दिसलं ते नेमकं उलटं. प्रश्न किती फेकले हा नव्हता, कधी फेकले हा होता. मुळात या वहीतले रकानेच गोंधळलेले. कॉलेजच्या नियमांत पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला लोळवलं तर तो प्रयत्न धावेच्या खात्यात जातो. रन-पास ऑप्शनमध्ये तर खेळ सुरू झाल्यावर एका बचावपटूची हालचाल बघून क्वार्टरबॅक ठरवतो, द्यायचा की फेकायचा. पास सुटायच्या आत पुढच्या फळीला तीन यार्ड पुढे जायची मुभा असल्याने कॉलेजमध्ये हे डाव फोफावले. चेंडू सुटेपर्यंत जी चाल धावही नाही आणि पासही नाही, तिची वाटणी निम्मीनिम्मी कशी करणार? टेक्सस टेकला प्रशिक्षक राहिलेले माइक लीच या निम्म्यानिम्म्याला उघड मूर्खपणा म्हणत. चेंडू हाताळणाऱ्या पाचही जागा कामाला लागल्या की झाला समतोल, असं त्यांचं मत. ते स्वतः पासवेडे, हे मान्य. पण इथे बरोबर होते.

मंडन करायचं ते असं. बचाव करणारे अकराच असतात. धाव अडवायला त्यांनी आठवा गडी मध्ये ओढला, की कडेला कुणीतरी एकटा पडतो. मागे सरकले, की मध्ये भगदाड. या दोन्हींची किंमत वसूल करता येणं म्हणजे समतोल. आणि ती वसूल करताना आपण कुणासारखे दिसतो याची पर्वा न करणं, ही संघाची ओळख.

1 जानेवारी 2025 ला रोझ बोलमध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, हेच ओहायो स्टेट ओरेगॉनसमोर उतरलं. सुरुवातीलाच स्मिथला 45 यार्डांचा टचडाउन पास. मग एमेका एग्बुकाला 42, पुन्हा स्मिथला 43. ओरेगॉनची बचावफळी हवेत डोळे लावून बसली, तेव्हा ट्रेव्हियन हेंडरसन मधून 66 यार्ड पळाला. मध्यांतराआधीच 34-0. धाव आधी जमवा म्हणजे पास आपोआप मोकळा होईल, असं सांगणाऱ्यांनी हा क्रम जरा निरखावा.

20 जानेवारीला अटलांटात नोटर डेमविरुद्ध अंतिम सामना. ओहायो स्टेट 31-23 ने पुढे, तीन मिनिटांहून कमी खेळ उरलेला, तिसरा प्रयत्न, हवे 11 यार्ड. जुन्या पोथीत याचं उत्तर एकच: धाव घ्या, घड्याळ खा. क्विन्शॉन जडकिन्सने त्याच रात्री धावून शंभर यार्ड काढले होते, त्यामुळे पोथीला आधारही होता. पण नोटर डेमचे गडी पुढे दाटलेले आणि स्मिथ कडेला एकट्या कॉर्नरबॅकसमोर. हॉवर्डने चेंडू उंच सोडला. 56 यार्ड. त्यानंतरच्या फील्ड गोलने 34-23, आणि विजेतेपद.

स्मिथसारखा गडी असल्यावर हे कुणालाही जमेल, असं दंड थोपटणारे आता म्हणतात. बरोबर. तोच स्मिथ मिशिगनविरुद्धही साठ मिनिटं तिथेच उभा होता, आणि त्याच्या वाट्याला त्या दिवशी आले एकूण 35 यार्ड.