जुनी गाडी विकताना

मे महिन्यात लग्ने असतात, आणि लग्ने असली की घरातली छोटी गाडी सात जणांना घेऊन निघते. आरसी बुकावर पाच जण लिहिलेले असले तरी फुफूला मागे ठेवून कसे जायचे? आम्हीही तसेच कराडहून चिपळूणला गेलो. जाताना काही झाले नाही, कारण कुंभार्ली घाट उतरायचा होता. परतताना तो चढायचा होता. एसी चालू, डिकीत बॅगा आणि जेवणाचे डबे. निम्म्या घाटात तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी मी चालवत होते. माथा जवळच आहे, तिथे थांबू, असे मनाशी म्हटले. पुढच्या दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ यायला लागली.

भाचा फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. त्याला ओरडून थांबवले, तेवढी एक गोष्ट त्या दिवशी बरोबर केली. झाकण बंद असते तेव्हा आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण काढले की दाब सुटतो आणि सगळे एकदम तोंडावर येते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबायचे, मगच हात लावायचा.

खरे तर काटा सरकला तेव्हाच एसी बंद करून काचा खाली करायच्या, हीटर पूर्ण चालू करायचा आणि गाडी बाजूला घ्यायची. मे महिन्यात हीटर म्हटले की लोक हसतात. पण हीटर म्हणजे इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर. तो चालू केला की इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघते. हे मला नंतर पाटणच्या मिस्त्रींनी सांगितले.

आमची अल्टो जुनी, ७९६ सीसी, तीन सिलिंडरची. मारुती ८०० च्या घराण्यातलेच हे इंजिन. साधे, सोसणारे. मिस्त्रींनी झाकण उघडले तर आत चहासारखे तांबूस पाणी. "ताई, यात कूलंट आहे कुठे?" कुठून असणार? तीन वर्षे पाणी कमी झाले की मी बोअरचे ओतत होते. पाणी का कमी होते, हा प्रश्न मला पडला नाही. एकच पाईप बारीक गळत होता. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळते आणि आत गंज धरत नाही. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. सपाट रस्त्यावर कळत नाही, घाटात कळते.

हेड ॲल्युमिनियमचे असते. ते फार तापले की वाकते आणि हेड गॅसकेट जाते. मग इंजिन उघडा, हेड फेसिंगला पाठवा, नवी गॅसकेट टाका. माझ्या त्या दहा मिनिटांची किंमत जवळजवळ महिन्याचा पगार झाली. तुमच्या गाडीत सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, कूलंट कुठे न गळता कमी होत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर लांबचा प्रवास करू नका, आधी दाखवा.

बाकीची देखभाल थोडक्यात. ऑइल साधारण दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. गाडी फक्त बाजाराला जात असली तरी वर्षाने. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे उतारावर ते उकळून ब्रेक दगा देऊ शकतो. दोन वर्षांनी बदला. टायरमध्ये किती हवा हे दाराजवळच्या स्टिकरवर असते, पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर सोडू नका. या इंजिनला रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला की गाडी जागच्या जागी बंद. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचे बिल मिळाले नाही, तर बदललेला नाही असेच धरा.

दोन वर्षांनी गाडी विकायला काढली. ओळखीतल्या एका शिक्षिकेच्या मुलाला हवी होती, त्याची पहिलीच नोकरी. एजंट म्हणाला, "हेडचं काम झालंय हे सांगू नका, गाडी तर छान चालते." घरातही मतभेद झाले. आमच्या यांचे म्हणणे, काम नीट झाले आहे, मग सांगून भाव का पाडायचा? मला पटायला जड गेले, पण खोडताही येईना.

सहीह मुस्लिममधला प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. तो माणूस तरी पावसाकडे बोट दाखवू शकत होता. माझ्याकडे बोअरच्या पाण्याशिवाय काहीच नव्हते. फिकहमध्ये अशा दोषाला ऐब म्हणतात. तो लपवला गेला आणि नंतर कळला, तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. गाडीच्या व्यवहारात हा हक्क मागायला कोण येतो? म्हणूनच एजंट निर्धास्त असतो.

शेवटी वहीचे एक पान काढून सगळे लिहिले. हेड कधी उघडले, किती किलोमीटरला, बेल्टचे बिल, क्लच घासत आला आहे, मागच्या सीटखाली पत्रा गंजला आहे. आरसी आणि विमा दोन्ही नावावर करून घे, तेही लिहिले. विम्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि बरेच जण नेमके तेच विसरतात. पान वाचून त्याने अठरा हजार कमी केले. हे दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलले.

गेल्या रमजानमध्ये त्या मुलाचा फोन आला. मला वाटले, काहीतरी बिघडले. त्याला एवढेच विचारायचे होते की आत हिरवे कूलंट आहे, दुकानात लाल मिळते आहे, वरून टाकले तर चालेल का. म्हटले, मिसळू नकोस. सगळे काढ, साफ करून घे आणि मग एकच भर.