खाऊ वाणसामानाच्या यादीतच हवा

२०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटं आणि नमकीन यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या पतसंस्थेत डबे खाताना सगळ्याजणी म्हणत होत्या, चला, मुलांचा खाऊ स्वस्त झाला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पुड्यातला खाऊ स्वस्त नसतो. तो पाच-दहा रुपयांत मिळतो, एवढंच.

खात्री करायची तर पुडा उलटा करून बघा. छापील किमतीजवळ बारीक अक्षरांत एका ग्रॅमची किंमत दिलेली असते. तिला हजाराने गुणा. दहा रुपयांत २५ ग्रॅम वेफर्स, म्हणजे किलोला ४०० रुपये. आमच्या सोलापुरात मी शेंगदाणे १५० रुपये किलोने घेते. घरात दोन मुलं असतील आणि प्रत्येकाला दिवसाला दहाचे दोन पुडे लागत असतील, तर महिन्याला १२०० रुपये झाले. तेलाचा डबा वीस रुपयांनी महागला की घरभर चर्चा होते. या बाराशेची होत नाही, कारण ते यादीत नसतात. कधी आजीच्या बटव्यातून जातात, कधी बाबांच्या खिशातून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: महिन्याची यादी करताना खाऊ वेगळा लिहा. आमच्या यादीत तो असा असतो: शेंगदाणे आणि गूळ एकेक किलो, फुटाणे अर्धा किलो, पातळ पोहे अर्धा किलो, मटकी अर्धा किलो, राजगिरा पाव किलो, नाचणीचं पीठ एक किलो, ज्वारीच्या लाह्यांची एक पिशवी. हे सगळं सहाशेच्या आत बसतं. शिवाय पोटात काय जातंय ते कळतं. दाणे-फुटाण्यांत शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच वजनाच्या दुधातल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट.

नोकरी करणाऱ्या बाईने हे करायचं कधी, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी म्हणते, एकट्या बाईने करायचंच नाही. आमच्याकडे रविवारी सकाळी सगळ्यांचे हात लागतात. अर्धा किलो दाणे मंद आचेवर भाजायचं काम सासूबाईंचं. साल तडकून खमंग वास सुटला की त्या गॅस बंद करतात. दाणे हाताला सोसतील इतके निवले की आठवीतला मुलगा ते चोळतो आणि सूप घेऊन गॅलरीत पाखडतो. मग त्यात तीनशे ग्रॅम चिरलेला गूळ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. दाण्यांना तेल सुटतं आणि लाडू वळतो, तुपाचा थेंबही लागत नाही. तीसेक लाडू होतात आणि एक लाडू साधारण तीन रुपयांना पडतो. तोवर नवऱ्याने पाव किलो पोहे कढईत कोरडेच भाजून घेतलेले असतात. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद, मिरची आणि वरून मूठभर डाळं, की चिवडा तयार. मधल्या दिवसांत मोड आलेल्या मटकीवर कांदा आणि लिंबू. कधी कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर.

घरचं म्हणून कितीही खावं, असंही नाही. गूळ ही शेवटी साखरच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत साखर असावी असं सुचवते, आणि आमच्या एका लाडवात दहा ग्रॅम गूळ जातो. म्हणून दिवसाला एकच लाडू, भूक उरली तर फुटाणे.

ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांना महिन्याची यादीच करता येत नाही. किराणाही रोजच्या रोज येतो. त्यांना अर्धा किलो दाण्यांचा हिशेब सांगणं मला योग्य वाटत नाही. पण भडभुंज्याकडे दहा रुपयांना साठ-पासष्ट ग्रॅम फुटाणे मिळतात, पुड्यातल्या मालाच्या दुपटीहून जास्त. ते फुटाणे शाळेच्या दारात का मिळू नयेत? जास्त साखर, मीठ आणि तेलाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या मुलांच्या शाळेसमोर उभं राहून तो कितपत पाळला जातो ते प्रत्येक पालकाने बघावं, आणि पालकसभेत विचारावं. नुसती बंदी मागू नये. फुटाणे, चिक्की आणि लाह्या विकणाऱ्यांना तिथे जागा द्या, असंही म्हणावं.

शाळेच्या दारातलं बदलायला वेळ लागेल. घरातलं येत्या एक तारखेला बदलता येतं. यादी लिहिताना मुलांना शेजारी बसवा, खाऊला किती पैसे आहेत ते सांगा आणि त्यात काय आणायचं ते त्यांनाच निवडू द्या. आमच्या चौथीतल्या मुलीने राजगिरा असाच निवडला होता, आणि आता तापलेल्या कढईत एकेक चमचा राजगिरा टाकून लाह्या फोडताना आजीशेजारी तीच उभी असते. स्वतः निवडलेला आणि स्वतःच्या हाताने केलेला खाऊ मुलं आवडीने खातात. त्यासाठी त्यांना दटावावं लागत नाही.