वादळाआधी बुंध्याकडे पाहा



आंबा उतरला, कौले चाळून झाली, कांदे माळ्यावर गेले. आता पाऊस दाराशी आहे. त्याआधी एकदा अंगणात उभे राहून झाडांकडे पाहा. नुसते शेंड्याकडे नको, बुंध्याकडेही पाहा.

मिरा-भाईंदर म्हटले की इमारती डोळ्यांपुढे येतात. पण त्याच महापालिकेच्या हद्दीत उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही समुद्राकाठची गावे आहेत. तिथे अजून घरापुढे माड आहे, परसात आंबा आणि शेवगा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. पुढच्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते आपल्यासमोरून गुजरातेकडे गेले. वाऱ्याने झाड पडते हे खरे. पण पुष्कळदा ते आपणच आधी अर्धे पाडून ठेवलेले असते.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. चिखल नको म्हणून अंगणात कोबा केला, तो थेट आंब्याच्या खोडाला भिडवला. न्हाणीच्या पायासाठी एका अंगाची जाड मुळे तोडली. तौक्तेचा वारा नेमका त्याच अंगाने आला आणि आंबा स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आडवा झाला. आई नुकतीच चुलीपुढून उठली होती. गावोगाव सल्ला देत फिरणाऱ्या माणसाच्या घरी हे घडले!

म्हणून बुंध्याभोवती निदान हातभर, मोठ्या झाडाला त्याहून जास्त, माती मोकळी ठेवा. पाया, गटार खणायचे तर झाडापासून दूर खणा. आंब्याच्या वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आता काढा. मोठी छाटणी मात्र पावसाळा सरल्यावर. शेंडा मारून झाड बुटके करू नका, तिथून फुटलेले धुमारे कच्चे असतात आणि पहिल्याच वाऱ्यात मोडतात. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडी नको.

माडाच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ पाडेल्याकडून उतरवून घ्या. हिरव्या झावळीला हात लावू नका, माडाचे पोट तिच्यावर चालते. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, तो घराला खेटून लावूच नये. विजेच्या तारेला लागलेली फांदी स्वतः तोडायला जाऊ नका, वीज कंपनीच्या माणसाला बोलवा. अख्खे झाड काढायचे असेल, तर शहरहद्दीतल्या मंडळींनी आधी महापालिकेची परवानगी घ्यावी; १९७५ च्या कायद्याने ती लागते.

वादळ गेल्यावर पाऊस नसेल तर पानांवरचे खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढा. लहान रोप कलले असेल तर मुळे सुकण्याआधी उभे करून माती दाबा, तिकाटीचा आधार द्या. आणि पडलेल्या माडाचा बुंधा परसात कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि वादळातून वाचलेल्या माडाचा कोंब खातो.