कडुनिंबाचा पाला आणि प्रतिकारशक्ती



अराफातच्या मैदानावरचे कडुनिंब आपल्या ओळखीचे आहेत. हाजींना सावली मिळावी म्हणून १९८० नंतरच्या दशकात तेथे सुमारे ५०,००० झाडे लावली गेली. कोकणात हेच झाड घराच्या आवारात असते. धान्यात त्याचा पाला घालतात, कांजिण्या आल्या की अंघोळीच्या पाण्यात टाकतात. त्यामुळे "पाल्याचा रस रोज घेतला की प्रतिकारशक्ती वाढते, मग लस कशाला?" असेही काही घरांतून ऐकू येते. हा विचार मला धोक्याचा वाटतो.

प्रतिकारशक्ती वाढते की नाही, हे तपासता येते. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी काही उंदरांना पाल्याचा अर्क आधी दिला, काहींना दिला नाही. मग दोन्ही गटांच्या शरीरात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. अर्क मिळालेल्या उंदरांत गाठ कमी वाढली. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. तुलनेला दुसरा गट होता, म्हणूनच फरक कळला.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तुळशीच्या पानांच्या अर्काची चाचणी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये २४ निरोगी माणसांवर झाली (२०११). अर्काची कॅप्सूल कोणती आणि औषध नसलेली कोणती, हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. चार आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या काही पेशी वाढल्या. मात्र अशी माणसे पुढे कमी आजारी पडतात का, हे एवढ्यावरून ठरत नाही.

लसीचे तसे नाही. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ आली, त्यानंतर हाजींना लस सक्तीची झाली. २००० साली दुसऱ्या प्रकारच्या जंतूची साथ आली, तेव्हा चार प्रकारांवरची लस आवश्यक ठरली. ही लस लाखो लोकांना दिली गेली आहे.

आणखी एक गोष्ट. झाडपाल्याचे औषध निर्धोकच असते असे नाही. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने मलेशियात लहान मुले गंभीर आजारी पडल्याची नोंद १९८१ साली झाली आहे.

मुलांनो, कोणी अर्काचे गुण सांगितले तर तीन प्रश्न विचारा : कोणावर तपासले? तुलनेला दुसरा गट होता का? किती प्रमाणात दिले? आणि पालकहो, रस द्यायचा की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा, पण मुलांच्या लसीचे कार्ड आधी पूर्ण करा, ही विनंती.