पायथ्याचा मुक्काम

जानेवारी आला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे अप्रेझलची कुजबुज सुरू होते आणि दुसरी म्हणजे कुणीतरी ग्रुपवर टाकतं, "यार, कॅम्पिंगला जाऊ या." मग पवनेचे फोटो येतात. पाणी, पाण्याकाठी रांगेत मांडलेले रंगीत तंबू, बार्बेक्यू आणि स्पीकर. गेल्या वर्षी ते फोटो बघून मला उगाच चेव आला. "त्या जत्रेत काय जायचं? खरं कॅम्पिंग करायचं असेल तर माझ्या जिल्ह्यात चला," असं छाती काढून सांगून बसलो.

माझा जिल्हा म्हणजे रत्नागिरी. पुण्यातल्या माणसाला रत्नागिरी म्हटलं की समुद्र, गणपतीपुळे आणि हापूस आठवतो. त्याचं बरोबरच आहे म्हणा. पण याच जिल्ह्याची पूर्वेची कड म्हणजे सह्याद्रीची सरळसोट भिंत आहे. खेडजवळ रसाळगड, सुमारगड, महिपतगड. देवरुखकडून आत गेलात की मार्लेश्वर. आणि संगमेश्वरहून कसब्यावरून आत शिरलात की शृंगारपूर आणि त्याच्या डोक्यावर प्रचितगड. शृंगारपूर म्हणजे येसूबाईंचं माहेर. 1661 साली शिवाजी महाराजांनी सुर्व्यांकडून घेतलं ते हेच. आज तिथे उभं राहिलं की समोर डोंगर, मागे डोंगर आणि मधे कौलारू घरं, एवढंच दिसतं. मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते. आम्हाला हवं होतं ते सगळं होतं.

तर कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणला मिसळ खाऊन आम्ही सातजण संध्याकाळी त्या भागातल्या एका वाडीपाशी पोचलो. (वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल.) वाडीच्या वरच्या अंगाला, रान सुरू होतं तिथे एक सपाट तुकडा सापडला. शेजारी कोरडा वहाळ. तंबू ठोकले. अंधार पडला तशी थंडी वाढली आणि शेकोटीचा विषय निघाला. जवळच झाडाखाली वाळलेल्या डहाळ्यांचे भारे रचून ठेवले होते, पानांसकट. कुणीतरी म्हणालं, "जंगलात लाकडाला काय तोटा?" दोन भारे आणले. ते भुरकन पेटले आणि भुरकन विझले. मग आणखी दोन. रात्री बारापर्यंत किती भारे गेले ते मोजलं नाही. फोटो मात्र फार सुंदर आले.

सकाळी एक आजोबा वर आले. कमरेला आकडी, आकडीत कोयती. आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार. ते काहीच बोलले नाहीत. झाडाखालची रिकामी जागा बघितली, आमची राख बघितली आणि विचारलं, "राख तरी नेऊ काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला ते आदल्या रात्रीच ओळखायला हवं होतं, कारण माझ्या आजोळी मी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तो कवळ होता. थंडीत ऐन, किंजळ अशा झाडांच्या डहाळ्या तोडून वाळवून ठेवतात. पुढे उन्हाळ्यात भाताचं बी जिथे पेरायचं, त्या तुकड्यावर शेण, कवळ, पातेरा, वर मातीचा थर असं रचून ते भाजतात. हीच भाजावळ. त्यामुळे तण मरतं, राखेचं खत होतं आणि रोप जोमाने येतं. म्हणजे आम्ही रात्रभर जे शेकलो, ती त्या माणसाची पुढच्या पावसाळ्याची तयारी होती. आमच्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर आम्ही मजेत टेस्टिंग करून बसलो होतो, आणि बॅकअप नव्हता.

आम्ही माफी मागितली, पैसे पुढे केले. आजोबा आधी नको म्हणाले, मग घेतले. पण एक वाक्य बोलले ते डोक्यातून जात नाही. पैशाने कवळ येत नाही, झाडाला परत फुटायला वरीस जातं, असं काहीसं. मग ते टोपली आणायला खाली गेले. राख भरायला आम्ही मदत केली. त्यानंतर प्रचितगडाचा विषय कुणी काढला नाही.

आता यावर दोन प्रतिक्रिया नेहमीच्या. पहिली, "शहरी लोकांना अक्कलच नसते." हे बरोबर आहे, पण यातून पुढे काही निघत नाही. दुसरी, "म्हणून जंगलात जाऊच नये." हे मला मुळीच पटत नाही. मला वाटतं, आमच्यासारखी माणसं जाणारच, आणि जावं. फक्त डोंगराच्या पायथ्याला मुक्कामाची ठरलेली जागा हवी, तिला नियम हवेत, आणि ती त्या गावाच्या हातात हवी. हे तिन्ही एकत्र हवं. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट. "जंगल म्हणजे कुणाचंच नाही" ही आपली समजूत कोकणात तर साफ चुकीची आहे. विदर्भात जंगल म्हटलं की सरकारी वनखातं असं समीकरण असतं. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. पुण्याच्या डोळ्यांना जी ओसाड, झाडोर्‍याची जमीन दिसते तिला इथे वरकस म्हणतात. तिथे कुणी नाचणी काढतं, कुणी गवत कापतं, कुणी कवळ तोडतं. तिला सातबारा असतो आणि सातबार्‍यावर नावांची ही मोठी रांग, त्यातली निम्मी माणसं मुंबईला. :) तंबूसाठी आपण जे छान सपाट मैदान हेरतो, ती बर्‍याचदा गावाची सहाण असते, शिमग्यात पालखी बसते ती. तिथे बूट घालून पेग्ज ठोकणारे लोक मी पाहिलेत. आणि मोठी झाडं दाट उरलेली असतील तर ती देवराई असण्याची शक्यता जास्त. मोकळी जागा अशी नसतेच.

दुसरी गोष्ट. माथ्यावरचा मुक्काम आता दिवसेंदिवस अवघड होणार आहे, आणि व्हायलाच हवा. प्रचितगडाच्या पलीकडे चांदोलीचं जंगल आहे. 2004 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 साली हा भाग जागतिक वारशाच्या यादीत गेला. वासोट्याचं उदाहरण घ्या. बामणोलीला परवानगी काढायची, बोटीने पलीकडे जायचं, गड बघून संध्याकाळच्या आत परत. वर झोपायचं नाही. जंगलासाठी हे चांगलंच आहे. पण माथा बंद झाला म्हणून माणसांची हौस बंद होत नाही, ती पायथ्याला उतरते. माथ्यावर काय करायचं नाही याचे बोर्ड आहेत. पायथ्याला काय करायचं याचा विचार कुठे दिसत नाही. मग तिथे एक तर आमच्यासारखे आगंतुक येतात, नाहीतर उद्या कुणीतरी येऊन चाळीस तंबू आणि जनरेटर लावणार.

तिसरी गोष्ट नियमांची. ऑनसाईटला असताना आम्ही एकदा कॅलिफोर्नियात योसेमिटीला राहिलो होतो. उभ्या कड्यांच्या तळाशी, पाईनच्या झाडीत सरकारी कॅम्पग्राऊंड. "अमेरिकेत बघा कसं" हे पुराण मला लावायचं नाही, पण तिथले नियम आता वेगळ्याच अर्थाने आठवतात. प्रत्येक जागेवर सहाच माणसं. शेकोटी लोखंडी कड्यातच, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पाच ते रात्री दहा एवढ्याच वेळात. दरीत पडलेलं लाकूड उचलायचं नाही, सरपण विकत आणायचं. दहानंतर आवाज बंद. खाणं लोखंडी पेटीत कुलूपबंद, कारण एकदा अस्वलाला माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते अस्वल पुढे माणसालाही त्रास देतं आणि स्वतःही जिवाला मुकतं.

यातलं एकेक कलम कोकणात आणून बघा. अस्वलाच्या जागी वानर आणि माकडं ठेवा. कोकणातल्या कुठल्याही शेतकर्‍याला विचारा, आंबा, नारळ, भाजीपाला कोण खातं ते. आपण कौतुकाने टाकलेलं बिस्किट म्हणजे त्याच्या बागेला लावलेली कीड. शेकोटीचं म्हणाल तर जानेवारीनंतर डोंगरावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं. एक ठिणगी उडाली की वणवा, आणि वणव्यात काजू-आंब्याच्या बागा जातात. पाण्याचं तर विचारूच नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणार्‍या या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. तिथे आपण विहिरीवर जाऊन बादलीभर पाण्याने बूट धुतो.

पण योसेमिटीची नक्कल जशीच्या तशी नको, आणि याचं कारणही तिथेच आहे. ती दरी रिकामी नव्हती. तिथे मूळ रहिवासी होते. 1851 साली हत्यारबंद तुकडी दरीत घुसली आणि त्यांना हुसकावलं गेलं. मग पुढे ते "निसर्गरम्य निर्जन" वगैरे झालं. आपल्याकडेही धरणासाठी आणि चांदोलीसाठी वरच्या अंगाची गावं उठली आहेतच. पायथ्याला मात्र माणसं अजून राहतात. त्यांना बाजूला सारून बाहेरच्या कंत्राटदाराला जागा दिली तर ती फक्त आणखी एक पवना होईल. म्हणून गावाच्या हातात.

मला डोळ्यापुढे दिसतं ते फार साधं आहे. गावाने ठरवलेला एक तुकडा. दहाच्या वर तंबू नाहीत. दोन संडास, एक पाण्याची टाकी, दगडांनी बांधलेल्या तीन शेकोटीच्या जागा. सरपण गावाकडून विकत. जेवण घरांत, आळीपाळीने. स्पीकर नाही, जनरेटर नाही. वर जायचं तर गावातला वाटाड्या बरोबर. पावसाळ्यात बंद. राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, 2021 साली साहसी पर्यटनाचं. व्याघ्र प्रकल्पांच्या शेजारच्या गावांसाठी जन-वन योजना आहे. म्हणजे कागद भरपूर आहेत. त्यातला एक तरी शृंगारपूरसारख्या गावात उतरवायला काय हरकत आहे?

हरकती आहेत, आणि त्या मला माझ्याच ट्रेकर मित्रांनी ऐकवल्या. एक म्हणाला, "सोय केलीस की गर्दी येणार. आज तिथे कुणी जात नाही तेच बरं." मला हा युक्तिवाद जरा स्वार्थी वाटतो. "कुणी जात नाही" म्हणजे आपण सोडून कुणी जात नाही. आणि तिथल्या पोरांनी बारावी झाली की मुंबईची गाडी पकडायची, म्हणजे आपल्याला शांतता मिळेल, असाच त्याचा अर्थ होतो. दुसरा म्हणाला, "डोंगरात झोपायचे पैसे? आम्ही वीस वर्षं देवळात फुकट झोपलो." खरं आहे, मीही झोपलोय. पण देवळात झोपताना आपण आधी कुणालातरी विचारायचो. चार घरं ओलांडून, "काका, आज रात्री देवळात राहिलो तर चालेल का?" त्या एका प्रश्नात बाकीचे नियम आपोआप येत. तंबू आला आणि तो प्रश्नच गेला. तंबूवाल्याला वाटतं की आपलं घर आपल्या पाठीवर आहे, कुणाला काय विचारायचं?

तिसरी हरकत खरी वजनदार आहे. गावात भावकी असते, राजकारण असतं. पैसे आले की भांडणं येणार. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की गाव शिमगा करतं, पालखी नाचवतं, मान कुणाचा यावरून भांडतं आणि तरीही दरवर्षी पालखी बाहेर पडते. त्या गावाला दहा तंबूंचा हिशोब जमणार नाही असं मी इथे पुण्यात बसून कसं ठरवू?

असो. अशी जागा होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही आमच्यापुरते काही नियम केलेत. जायच्या आधी गावात कुणाशी तरी फोनवर बोलायचं. तंबू ठोकायच्या आधी जागा कुणाची ते विचारायचं. लाकूड विकत घ्यायचं. खरकटं परत आणायचं. आणि जेवण गावातल्या घरी, आपल्या मॅगीची पाकिटं पुण्यातच ठेवून.

या जानेवारीत त्याच वाडीत परत गेलो होतो, या वेळी चौघेच. आजोबांनी ओळखलं. आमच्याकडे आणि तंबूंच्या पिशव्यांकडे बघून जरा हसले आणि म्हणाले, "रानात कशाला, हितंच झोपा की." मग त्यांच्या खळ्यातच दोन तंबू लागले. त्यांच्या सुनेने तांदळाच्या भाकर्‍या आणि कुळथाची पिठी केली. पैसे सकाळी तिच्याच हातात दिले. शेकोटीला लाकडं त्यांनीच काढून दिली, मोजून पाच. कवळाचे भारे या वेळी परड्यात, घराला लागून रचलेले होते. आधी ते वर रानातच असत.