संथ कथेचा लाभ

गुन्हेकथा पाहणें म्हणजे वेळेचा अपव्यय, असें कित्येक पालक म्हणतात. बहुतेक गुन्हेकथांविषयीं आमचेंही मत तेंच आहे. परंतु ‘द वायर’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका प्रथमच पाहिल्यावर तिला त्यांतून वगळणें आम्हांस न्याय्य वाटतें.

बाल्टिमोर शहराची ही कथा २००२ ते २००८ या काळांत ५ पर्वांत व ६० भागांत सांगितली गेली. तिचे जनक डेव्हिड सायमन हे पूर्वी तेथील वृत्तपत्राचे बातमीदार. त्यांचे सहकारी एड बर्न्स हे आधीं पोलिस व नंतर शिक्षक होते. पहिल्या पर्वांत गुन्हेगारांचें दूरध्वनीवरील संभाषण ऐकण्याची परवानगी पोलिसांस मिळेपर्यंतच कित्येक भाग लोटतात. अधीर प्रेक्षक येथेंच उठून जातो. परंतु या विलंबांतच अर्थ आहे. गुन्हा एका रात्रींत उपजत नाहीं. त्याचीं मुळें घर, रस्ता, कचेरी व शाळा यांत हळूहळू पसरतात.

चौथें पर्व (२००६) आठव्या इयत्तेंतील चार मुलांचें आहे. त्यांतील एकास एक निवृत्त पोलिस अधिकारी आपल्या घरीं नेतो, आणि तो वांचतो. इतर तिघे वाहून जातात. शिक्षकाची कळकळही त्यांस पुरी पडत नाहीं.

मालिकेंत शिवीगाळ व क्रौर्य पुष्कळ आहे. यास्तव विद्यार्थ्यांनीं ती तूर्त पाहूं नये. पालकांनीं मात्र अवश्य पाहावी, आणि आपला मुलगा शाळा सुटल्यावर कोठें व कोणाच्या संगतींत असतो, याची प्रेमानें चौकशी करावी.